रस्त्याचा आडवा छेद आणि संगणक : तयार घटक व गावच्या गरजा

नकाशावर रस्ता ही एक रेषा असते. एका गावाहून दुसऱ्या गावाकडे जाणारी, ओढा ओलांडणारी, टेकडीला वळसा घालणारी अशी ती रेषा पाहून रस्ता कोठून जाणार आहे ते कळते. परंतु तो कसा असणार आहे, हे त्या रेषेवरून कळत नाही. पावसाचे पाणी त्यावरून कोणत्या बाजूला वाहील, बैलगाडीला व पायी चालणाऱ्याला किती जागा मिळेल, भरावासाठी शेजारच्या शेताची किती रुंदी लागेल आणि घराच्या उंबऱ्याच्या मानाने रस्ता उंच राहील की सखल, या सर्व प्रश्नांची उत्तरे रस्त्याच्या आडव्या छेदात असतात. पाव कापल्यावर जसा त्याचा आतला थर दिसतो, तसा रस्ता आडवा कापला असे कल्पून काढलेले चित्र म्हणजे आडवा छेद होय.

पूर्वी हे छेद आलेख-कागदावर हाताने काढले जात. आज ते बहुतेक ठिकाणी संगणकावर तयार होतात. संगणकात छेदाचे निरनिराळे भाग तयार मिळतात. ते जोडून अभियंता अल्पावधीत कित्येक किलोमीटरचा आराखडा उभा करू शकतो. मात्र हे तयार भाग सर्व देशांसाठी व सर्व प्रदेशांसाठी सारखेच बनविलेले असतात. कोकणातील घाट, मराठवाड्यातील काळी जमीन किंवा गावठाणातील अरुंद गल्ली यांची गरज त्यांतून नेहमीच भागते असे नाही. अशा वेळी त्या भागांत फेरफार करावा लागतो किंवा नवा भागच घडवावा लागतो. ही रीत काय आहे, तिचा लाभ कोणता आणि तिच्यात धोका कोठे आहे, हे केवळ अभियंत्यांनीच नव्हे, तर रस्त्याच्या कामाशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेण्याजोगे आहे.

छेदाचे अवयव

साध्या ग्रामीण रस्त्याचा छेद मध्यापासून बाहेर पाहत गेल्यास प्रथम लागतो तो वाहनपथ, म्हणजे खडी, डांबर किंवा काँक्रीट घातलेला मुख्य भाग. त्याच्या दोन्ही अंगांना साईडपट्ट्या असतात. त्यापलीकडे भराव असेल तर खाली उतरत जाणारा उतार आणि खोदाई असेल तर पाण्याचा चर व त्यापुढे वर चढत जाणारा उतार असतो. हा उतार जेथे मूळ जमिनीला मिळतो, तेथे रस्त्याची हद्द संपते असे स्थूलमानाने म्हणता येईल. पृष्ठभागाच्या खाली खडीचे व मुरमाचे थर आणि त्याखाली दबाई केलेली माती असते.

प्रत्येक अवयवाला आपापले काम आहे. वाहनपथाला मध्यापासून दोन्ही कडांकडे थोडा उतार दिलेला असतो, तो पाणी निघून जावे म्हणून. साईडपट्टी ही वाहनपथाच्या कडेला आधार देते, समोरून वाहन आले असता बाजूला होण्यास जागा देते आणि शाळेला जाणाऱ्या मुलांना चालण्यास वाट देते. चर हा तर रस्त्याचा प्राणच म्हटला पाहिजे. रस्ते वाहनांच्या भारापेक्षा साचलेल्या पाण्याने अधिक लवकर खराब होतात, हा सर्वत्र आलेला अनुभव आहे.

मानकांची परंपरा

छेदाच्या मापांना आपल्या देशात दीर्घ परंपरा आहे. रस्त्यांच्या विकासाचा विचार करण्यासाठी १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशींतून पुढे केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला व १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची स्थापना झाली. १९४३ साली नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने देशातील रस्त्यांची वर्गवारी करून वीस वर्षांचा आराखडा आखला. राष्ट्रीय महामार्गापासून ग्रामीण रस्त्यापर्यंतची उतरंड आज सर्वांच्या परिचयाची आहे. तिचे मूळ या नागपूर योजनेत आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसने १९८० साली ग्रामीण भागातील महामार्गांच्या भौमितिक रचनेची मानके प्रसिद्ध केली. त्यांत एकेरी वाहनपथाची रुंदी ३.७५ मीटर, तर कठड्याविना दुपदरी वाहनपथाची रुंदी ७ मीटर धरण्यात आली. पृष्ठभागाच्या आडव्या उताराबाबत काँक्रीट व उच्च प्रतीच्या डांबरी पृष्ठासाठी १.७ ते २ टक्के, पातळ डांबरी थरासाठी २ ते २.५ टक्के, खडीच्या रस्त्यासाठी २.५ ते ३ टक्के आणि मातीच्या रस्त्यासाठी ३ ते ४ टक्के अशी मर्यादा ठरविण्यात आली. पाऊस कमी असेल तेथे लहान आकडा व पाऊस जास्त असेल तेथे मोठा आकडा घ्यावा, असा त्यामागील संकेत आहे. पृष्ठभाग जितका ओबडधोबड, तितके पाणी हळू वाहते. म्हणून मातीच्या रस्त्याला उतार अधिक लागतो.

टक्क्यांची ही भाषा प्रत्यक्षात किती लहान मापांची आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ३.७५ मीटर रुंदीच्या खडीच्या रस्त्याला मध्यापासून दोन्ही बाजूंना ३ टक्के उतार दिला, तर मध्य हा कडेपेक्षा केवळ ५.६ सेंटीमीटर उंच असतो. एवढ्या चार बोटांच्या उंचीवर रस्त्याचे आयुष्य अवलंबून असते. दबाई करताना ही उंची हरवली की पाणी चाकोरीत साचू लागते आणि पुढच्या पावसाळ्यात तेथेच खड्डा पडतो.

कागदावरून पडद्यावर

हाताने काम करताना अभियंता दर ठराविक अंतरावर, साधारणपणे तीस मीटरवर, जमिनीच्या पातळ्या घेई. त्या कागदावर मांडून त्यावर रस्त्याचा ठरलेला छेद बसवी. भरावाचे किंवा खोदाईचे क्षेत्रफळ मोजून लगतच्या दोन छेदांची सरासरी काढी आणि तिला अंतराने गुणून मातीकामाचे घनफळ मिळवी. समजा, रस्त्याची माथ्यावरील एकूण रुंदी ७.५ मीटर आहे, भराव १ मीटर उंच आहे आणि बाजूचा उतार दोनास एक आहे. अशा वेळी भरावाचा पाया ११.५ मीटर रुंद होतो व छेदाचे क्षेत्रफळ ९.५ चौरस मीटर भरते. पुढच्या छेदावर भराव दीड मीटर उंच झाला, तर पाया १३.५ मीटर व क्षेत्रफळ १५.७५ चौरस मीटर होते. दोन्हींची सरासरी १२.६२५, तिला ३० ने गुणले की सुमारे ३७९ घनमीटर माती लागेल असे कळते.

संगणक हेच गणित करतो. परंतु तो ते दर दहा किंवा पाच मीटरवरही विनासायास करू शकतो. ऑटोडेस्क या कंपनीची सिव्हिल थ्रीडी ही प्रणाली रस्त्यांच्या आराखड्यासाठी सर्वत्र परिचित आहे. तिची पद्धत थोडक्यात अशी : प्रथम रस्त्याची आखणी, म्हणजे वरून दिसणारी रेषा, नक्की करावयाची. नंतर उभा छेद, म्हणजे चढउताराची रेषा, ठरवावयाची. त्यानंतर आडवा छेद तयार करावयाचा. अखेर हा आडवा छेद त्या दोन्ही रेषांच्या आधारे गावापासून गावापर्यंत सरकवीत न्यावयाचा. अशा रीतीने उभ्या राहणाऱ्या संपूर्ण आकृतीला प्रणालीत कॉरिडॉर म्हणतात.

आडवा छेद हा एकसंध नसून तो लहान लहान घटकांचा जोड असतो. या घटकाला सबअसेम्ब्ली असे नाव आहे. वाहनपथाचा एक घटक, साईडपट्टीचा दुसरा, चराचा तिसरा, उताराचा चौथा, असे ते एकापुढे एक जोडले जातात. प्रत्येक घटक तीन गोष्टींनी बनतो. पहिली गोष्ट बिंदू. उदाहरणार्थ, रस्त्याचा मध्य किंवा वाहनपथाची कड. दुसरी गोष्ट दोन बिंदूंना जोडणारी रेषा. उदाहरणार्थ, पृष्ठभागाची किंवा उताराची रेषा. तिसरी गोष्ट रेषांनी वेढलेली बंद आकृती. उदाहरणार्थ, खडीचा थर. लगतच्या छेदांतील एकाच नावाचे बिंदू जोडले की रस्त्याच्या लांबीच्या रेषा मिळतात, आडव्या रेषांपासून रस्त्याचा पृष्ठभाग बनतो आणि बंद आकृत्यांवरून साहित्याचे घनफळ निघते.

येथे नावांना फार महत्त्व आहे. प्रत्येक बिंदूला, रेषेला व आकृतीला संकेतनाम दिलेले असते आणि प्रणाली त्या नावावरूनच तिची ओळख पटविते. खडीच्या थराच्या आकृतीला चुकीचे नाव पडले, तर चित्र अगदी बरोबर दिसेल. पण अंदाजपत्रकात खडीच्या ठिकाणी कमी आकडा येईल किंवा मुळीच येणार नाही.

तयार घटक कोठे अपुरे पडतात

प्रणालीबरोबर शेकडो तयार घटक मिळतात. त्यांची रुंदी, उतार व थरांची जाडी बदलता येते. सपाट प्रदेशातील साध्या रस्त्याला एवढे बहुधा पुरे होते. अडचण येते ती आकडे बदलून भागत नाही, विचारच बदलावा लागतो, अशा ठिकाणी. महाराष्ट्रातील तीन प्रदेशांवरून ही अडचण ध्यानात येईल.

विदर्भ व मराठवाड्यातील काळी माती पाणी मिळाले की फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर बांधलेल्या रस्त्याच्या थरांत पाणी अडकू नये म्हणून सर्वांत खालचा, पाण्याला वाट देणारा थर केवळ वाहनपथाखालीच न ठेवता साईडपट्टीखालून थेट भरावाच्या उतारापर्यंत नेणे हितावह असते. वाहनपथ व साईडपट्टी हे दोन वेगळे घटक म्हणून घेतले, तर दोन्हींच्या खालच्या थरांची पातळी व जाडी जुळतेच असे नाही. मध्ये पायरी राहते आणि प्रत्यक्षात तेथेच पाणी कोंडते. येथे दोन्हींचा मिळून एकच घटक बनविणे अधिक सोयीचे ठरते.

सह्याद्रीच्या घाटात डोंगराच्या बाजूला चर व दरीच्या बाजूला आधार असावा लागतो. दरीकडील जमीन जवळ असेल तर मातीचा उतार पुरतो. ती खोल असेल तर उतार जमिनीला मिळतच नाही, तो खाली खाली घसरत जातो व कित्येक मीटर लांब होतो. तेथे आधारभिंत हवी. डोंगराच्या बाजूलाही माती, मऊ खडक व कठीण खडक यांच्यात वेगवेगळ्या तिरकसपणाने खोदाई करावी लागते. माती सपाट उतारावर टिकते, तर कठीण खडक जवळजवळ उभा कापता येतो. कोठे भिंत व कोठे उतार, कोठे सपाट व कोठे उभे, हा निर्णय प्रत्येक छेदावर वेगळा असतो. तो हाताने करीत बसल्यास संगणकाचा उपयोग काय राहिला? म्हणून हा निर्णयच घटकात लिहून ठेवावा लागतो.

तिसरे ठिकाण गावठाण. येथे रुंदी घरांच्या भिंतींनी ठरलेली असते व उंची घरांच्या जोत्यांनी. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. वस्तीतून जाणारा भाग शक्यतो काँक्रीटचा करावा व त्याला गटारे असावीत, अशी तिच्या मार्गदर्शक सूचनांत तरतूद आहे. ती प्रत्यक्षात आणताना भिंतीपर्यंतची मोकळी जागा दर दहा पावलांना बदलते. एका ठिकाणी दोन मीटर, पुढे घराचा ओटा आल्यामुळे अर्धा मीटर. मोजमापाचा ठरावीक साचा येथे चालत नाही.

घटक घडविण्याची रीत

पूर्वी असा घटक बनवावयाचा तर संगणकाची भाषा शिकून आज्ञावली लिहावी लागे. ते काम करू शकणारे अभियंते थोडे. गेल्या दशकापासून सिव्हिल थ्रीडीबरोबर सबअसेम्ब्ली कंपोझर नावाचे साधन मिळू लागले आहे. त्यात आज्ञावली न लिहिता प्रवाह-आकृतीच्या रूपाने घटक बांधता येतो. एका बाजूला बिंदू, रेषा, आकृती, निर्णय अशी साधने असतात. ती मधल्या जागेत आणून बाणांनी जोडावयाची. बाजूच्या भागात प्रत्येकाचे तपशील भरावयाचे व समोर घटकाचे चित्र उमटत जाते. तयार झालेला घटक पीकेटी या प्रकारच्या धारिकेत साठविला जातो व ती धारिका मूळ प्रणालीत घेता येते.

गावठाणातील गटाराचे उदाहरण घेऊन ही रीत पाहू. घटक वाहनपथाच्या कडेला सुरू होतो. तो पहिला बिंदू. अभियंत्याने प्रथम बाहेरून पुरवावयाचे आकडे निश्चित करावयाचे : गटाराची आतील रुंदी, खोली, भिंतीची जाडी, आणि रस्त्याची कड घराच्या जोत्यापेक्षा किमान किती खाली असावी तो आकडा. हे आकडे घटकाच्या आत कायमचे कोरून न ठेवता बाहेरून देण्याजोगे ठेवले की तोच घटक दुसऱ्या गावालाही उपयोगी पडतो. उजवी की डावी बाजू हाही असाच एक पर्याय असल्यामुळे एकच घटक दोन्ही अंगांना लावता येतो.

यानंतर येते लक्ष्य. घटकाने कशाचा शोध घ्यावयाचा आहे ते येथे सांगितले जाते. लक्ष्ये तीन प्रकारची असतात. एखादा पृष्ठभाग, जसे मूळ जमीन. नकाशावरील एखादी रेषा, जसे घरांच्या भिंतींची ओळ. आणि उंचीची एखादी रेषा, जशी जोत्यांची पातळी. गावठाणासाठी दुसरे व तिसरे लक्ष्य लागते. भूमापनाच्या वेळी भिंतींची ओळ व प्रत्येक घराच्या जोत्याची पातळी मोजलेली असेल, तरच ही लक्ष्ये देता येतात. म्हणजे संगणकातील हुशारीचा आरंभ गल्लीत टेप व लेव्हल घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसापासूनच होतो.

आता निर्णय लिहावयाचे. पहिला प्रश्न : भिंतीपर्यंत मोकळी जागा, समजा, एक मीटर किंवा अधिक आहे काय? असल्यास रस्त्याच्या कडेला अरुंद पट्टी सोडून त्यापलीकडे गटार घ्यावे. नसल्यास गटार कडेलाच घेऊन त्यावर वाहनांचा भार सोसेल असे झाकण टाकावे. दुसरा प्रश्न : रस्त्याची कड जोत्यापेक्षा ठरलेल्या मापाने खाली आहे काय? असल्यास पुढे जावे. नसल्यास त्या बिंदूला वेगळे संकेतनाम द्यावे, म्हणजे आराखड्यात अशी सर्व ठिकाणे वेगळी दिसून येतील.

या दुसऱ्या प्रश्नात गावाचे किती हित दडले आहे, ते एका हिशेबाने पाहावे. समजा, गल्लीच्या मध्याची आजची पातळी १००.०० मीटर धरली आहे आणि एका घराचे जोते १००.३० मीटरवर आहे. जुन्या रस्त्यावरच १० सेंटीमीटरचा खडीचा थर व १५ सेंटीमीटरचे काँक्रीट टाकावयाचे ठरले, तर नवा मध्य १००.२५ वर येतो. ३.७५ मीटर रुंदीच्या अर्ध्या भागाला २ टक्के उतार दिल्यास कड सुमारे ४ सेंटीमीटर खाली, म्हणजे १००.२१ वर राहते. जोते तिच्यापेक्षा फक्त ९ सेंटीमीटर उंच उरले. किमान १५ सेंटीमीटर अंतर हवे असे ठरविले असेल, तर या घरापुढे ते मिळत नाही. जुना पृष्ठभाग किमान ६ सेंटीमीटर खोदून मगच नवा थर टाकावा लागेल. हे खोदकाम अंदाजपत्रकात आधीच धरले गेले नाही, तर ते जागेवर होत नाही. एकदा रस्ता झाल्यावर पहिल्या मोठ्या सरीत गल्लीचे पाणी उंबरा ओलांडून घरात येते. दर काही वर्षांनी जुन्यावर नवा थर टाकीत गेल्याने रस्ता उंच व घरे सखल, अशी स्थिती अनेक गावांत दिसते. तिचे मूळ बहुधा जोत्यांची पातळी छेदावर कधी मांडलीच गेली नाही, यात असते.

वळणावरील विचार

वळणावर छेद पालटतो. वाहन बाहेर फेकले जाऊ नये म्हणून बाहेरची कड उंच ठेवली जाते. तिचे प्रमाण ठरविण्यासाठी ताशी वेगाच्या वर्गाला वळणाच्या त्रिज्येच्या २२५ पटीने भागण्याचे सूत्र वापरतात. ताशी ४० किलोमीटर वेग व १५० मीटर त्रिज्या असल्यास ते सुमारे ४.७ टक्के येते. ३.७५ मीटर रुंदीच्या रस्त्यावर याचा अर्थ बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा सुमारे १८ सेंटीमीटर उंच असा होतो. उत्तर कितीही येवो, मैदानी प्रदेशात ते ७ टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ नये, असे मानक सांगते.

स्वतः घडविलेल्या घटकाला वळणाची ही माहिती मुद्दाम जोडून द्यावी लागते. ती जोडली नाही, तर सरळ भागात निर्दोष दिसणारा घटक वळणावरही मध्यापासून दोन्हीकडे उतरता राहतो. शिवाय वळणावर सर्व पाणी आतल्या बाजूला येत असल्यामुळे त्या बाजूचे गटार मोठे हवे आणि पाणी बाहेर काढण्यासाठी मोरी योग्य ठिकाणी हवी. मोरीच्या जागी, वळणाच्या आरंभी व शेवटी आणि गावाच्या हद्दीवर मुद्दाम अधिक छेद घेण्याची सोय प्रणालीत आहे. तिचा वापर केला पाहिजे.

परीक्षा घेतल्यावाचून वापर नको

हाताने काढलेल्या छेदातील चूक त्या एका छेदापुरती राहत असे. घटकातील चूक मात्र तो जेथे जेथे लावला जाईल, तेथे तेथे उमटते. दहा मीटरवर छेद घेतल्यास पाच किलोमीटरच्या रस्त्यावर पाचशे ठिकाणी तीच चूक होते आणि धारिका दुसऱ्या कार्यालयात गेली तर दुसऱ्या तालुक्यातही जाते. उताराचे चिन्ह उलटे पडले म्हणजे पाणी गटाराकडे जाण्याऐवजी रस्त्याकडे येते. चित्र लहान असल्याने ते डोळ्याला दिसतही नाही.

म्हणून नवा घटक कामाला लावण्यापूर्वी त्याची परीक्षा घेणे अगत्याचे आहे. कंपोझरमध्ये लक्ष्यांना तात्पुरते आकडे देऊन घटक कसा वागतो ते पाहता येते. नेहमीच्या आकड्यांबरोबर अवघड आकडेही देऊन पाहावेत : भराव शून्य असेल तर काय होते, भिंत अगदी कडेला आली तर काय होते, जमीन फार खोल गेली तर उतार कोठे थांबतो. लक्ष्य दिलेच नाही, तर घटकाने काय करावे हेही आत लिहिलेले असावे. नाहीतर तो गुपचूप एखादे गृहीत माप धरून पुढे जातो आणि कोणाला कळत नाही. यानंतर रस्त्यावरील दोनतीन छेदांचे क्षेत्रफळ जुन्या रीतीने हाताने काढून संगणकाच्या उत्तराशी ताडून पाहावे. या पडताळणीला अर्धा दिवस लागतो; तिच्यावाचून काढलेल्या अंदाजपत्रकाची किंमत पुढे कित्येक दिवस मोजावी लागते.

घटकाबरोबर त्याची लेखी माहितीही ठेवली पाहिजे. त्यातील प्रत्येक आकड्याचा अर्थ, एकक, घेतलेली गृहीते व वापरण्याच्या मर्यादा यांची एक पानाची टीप असली की बनविणाऱ्या अधिकाऱ्याची बदली झाल्यावरही त्याचा वापर बिनधोक करता येतो.

लोकप्रतिनिधींचा सहभाग

हे सर्व तांत्रिक असले तरी त्यातील निम्मी माहिती गावातच असते. ओढ्याचे पाणी कोणत्या वर्षी कोठवर चढले होते, कोणत्या बांधावरून पाणी रस्त्यावर येते, पाणंद कोठे मिळते, शेतात गाडी उतरविण्यासाठी रस्त्यावर कोठे वाट लागते, नळाची वाहिनी कोणत्या बाजूने गेली आहे, हे भूमापनाच्या यंत्राला कळत नाही. ग्रामपंचायतीने ही ठिकाणे भूमापनाच्या वेळीच दाखवून दिली, तर ती लक्ष्यांच्या रूपाने आराखड्यात घालता येतात. मागाहून आलेली तक्रार फक्त दुरुस्तीच्या खर्चात जाते.

आराखडा पंचायतीपुढे आला असता सदस्यांनी आडव्या छेदांची पाने अवश्य पाहावीत. पाहावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. वाहनपथाचा उतार कोणत्या बाजूला आहे? साईडपट्टीची रुंदी दोन्ही अंगांना आहे काय? गटार कोठे सुरू होते व त्याचे पाणी अखेर कोठे सोडले आहे? भरावाचा उतार रस्त्याच्या हद्दीतच संपतो की खाजगी शेतात जातो? गावठाणातील छेदावर जोत्यांची पातळी दाखविली आहे काय? या पाच प्रश्नांची उत्तरे छेदावर मिळाली पाहिजेत. ती मिळत नसतील, तर अभियंत्याला विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. चांगला अभियंता अशा प्रश्नाचे स्वागतच करतो.

शिक्षकांनाही हा विषय वर्गात नेता येईल. शाळेसमोरच्या रस्त्याची रुंदी टेपने मोजावी, एक सरळ काठी आडवी धरून पाणपातळीच्या साह्याने मध्य व कड यांतील फरक काढावा आणि वहीत प्रमाणात आडवा छेद काढावा. त्यातून टक्केवारी, क्षेत्रफळ व प्रमाण हे गणिताचे तिन्ही पाठ होतात आणि रस्त्यावरून पाणी का वाहते किंवा का साचते, हेही मुलांच्या ध्यानात येते.

साधन आणि विवेक

संगणकाने अभियंत्याचे श्रम वाचविले आहेत यात शंका नाही. जे काम आलेख-कागदावर आठवडे घेत असे, ते आता थोड्या वेळात होते. आखणीत बदल केला तर सर्व छेद आपोआप बदलतात आणि नवे घनफळ समोर येते. त्यामुळे एकाच रस्त्याचे तीनचार पर्याय तपासून त्यांतील काटकसरीचा निवडणे शक्य झाले आहे. घटक आपल्या गरजेप्रमाणे घडविण्याच्या सोयीने यात भर पडली आहे. काळ्या जमिनीचा, घाटाचा व गावठाणाचा घटक एकदा नीट तपासून तयार केला आणि त्याची टीप जोडून ठेवली, तर तो अनेक कार्यालयांच्या कामी येऊ शकतो.

परंतु पाणी कोठे जाते, हे घटकाला ठाऊक नसते. त्याला जेवढे सांगितले तेवढेच तो करतो. जोते मोजले गेले तर तो जोत्याची काळजी घेतो. मोजले गेले नाही तर घर त्याच्या हिशेबी नसतेच. म्हणून तयार घटक जसाच्या तसा उचलण्यापूर्वी हा रस्ता कोणत्या जमिनीवर, किती पावसात आणि कोणाच्या दारावरून जाणार आहे, हा प्रश्न अभियंत्याने व गावाने मिळून विचारला पाहिजे. त्या प्रश्नाचे उत्तर छेदात उतरले, तर पहिल्या पावसाळ्यातच त्याची परीक्षा होते. पाणी गटाराने वाहून गेले व घरे कोरडी राहिली की आराखडा नीट झाला असे खुशाल समजावे.